कॉन्स्टेबल, टर्नर आणि आमचं फील्ड बुक

सगळ्यात आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास, तेही डबा खाऊन झोप येत असताना. त्यामुळे 'मराठी विभागाला लेख देतेय' म्हटल्यावर माझी रूममेट आधी पोट धरून हसली आणि मग ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसली. तेव्हा राहिलेल्या चुका तिच्या आणि मतं माझी, असं धरून चाला.

दुसरी पण एक कबुली आहे. ती जरा जड आहे, म्हणून मागे ठेवलीये. आधी चित्रांचं बोलू.

झालं असं, की सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर सुट्टीत मी मावशीकडे गेले होते. मावशी लंडनजवळ स्लाव नावाच्या गावात राहते. तिला आणि काकांना ऑफिस, मग मी दिवसभर घरी बसून काय करणार? दुसऱ्याच दिवशी तिने मला पॅडिंग्टनच्या गाडीत बसवून दिलं आणि म्हणाली, "ट्रॅफल्गार चौकात नॅशनल गॅलरी आहे. बघून ये. तिकीट नाही." फुकट म्हटल्यावर होस्टेलवाल्यांना अजून काही सांगावं लागत नाही. मी गेले.

आता खरं सांगते, मला चित्रकलेतलं काही कळत नाही. एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला निसर्गचित्रात दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी आणि 'M' सारखे पक्षी काढून पास झालेली मी. पण तिथे एका दालनात दोन माणसांची चित्रं पाहिली आणि तासभर हलले नाही. एक जॉन कॉन्स्टेबल आणि दुसरा जे. एम. डब्ल्यू. टर्नर. दोघंही इंग्रज आणि दोघंही निसर्गचित्रं काढणारे. टर्नरचा जन्म १७७५ चा, कॉन्स्टेबलचा १७७६ चा, म्हणजे आपल्या भाषेत एका बॅचचे. आणि तरी एकमेकांपासून इतके लांब, की एकाच कॉलेजात सिव्हिल आणि कॉम्प्युटर पण एवढे लांब नसतील.

टर्नर लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या न्हाव्याचा मुलगा. हुशार. २६ व्या वर्षीच रॉयल अकॅडमीचा पूर्ण सभासद झाला. कॉन्स्टेबल सफोक भागातल्या खात्यापित्या गिरणीवाल्याचा मुलगा. त्याला तोच मान मिळायला १८२९ साल उजाडलं, तोपर्यंत तो ५२ वर्षांचा झाला होता, आणि तेव्हाही निवड झाली ती एका मताने. थोडक्यात एक टॉपर आणि दुसरा एटीकेटी करत करत वर आलेला. माझी सहानुभूती कुणाकडे असेल हे वेगळं सांगायला नको. पण गंमत म्हणजे सुरुवातीला मी टर्नरच्याच बाजूने होते.

कारण उघड आहे. त्याच्या एका चित्रात चक्क रेल्वे आहे! नाव 'रेन, स्टीम अँड स्पीड', साल १८४४. पावसाच्या धुरकट पिवळ्या पडद्यातून एक काळं इंजिन पुलावरून थेट आपल्या अंगावर येतं. डावीकडे लांब जुना रस्त्याचा पूल आहे, खाली नदीत एक होडी, उजवीकडे कुठेतरी नांगर धरलेला शेतकरी. आणि रुळांवर इंजिनापुढे एक ससा पळतोय. तो आता इतका पुसट झालाय, की माहीत असल्याशिवाय सापडत नाही. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे हे चित्र त्याच्याही नऊ वर्षं आधीचं. तेव्हा बाकीचे चित्रकार रेल्वेला निसर्गाचा सत्यानाश म्हणत होते किंवा तिच्याकडे पाठ फिरवून गाई काढत होते. या माणसाने ६९ व्या वर्षी ती समोरून बघितली. मी मनात म्हटलं, हा आपला माणूस.

त्याच दालनात कॉन्स्टेबलचं 'द हे वेन'. साल १८२१. नदीच्या उथळ पाण्यात एक रिकामी गाडी उभी आहे, तिला तीन घोडे, काठावर एक कुत्रा, डावीकडे जुनं घर, लांब शेतात गवत कापणारे लोक आणि वर भलंमोठं ढगाळ आभाळ. चित्र चांगलं एकशे पंचाऐंशी सेंटीमीटर रुंद आहे. पण पहिल्यांदा बघून मला वाटलं, अरे, हे तर दाताच्या डॉक्टरकडचं कॅलेंडर! इंग्लंडमध्ये हे चित्र बिस्किटाच्या डब्यांवर, टॉवेलांवर सगळीकडे छापतात, त्यामुळे तर आणखीनच. २००५ साली बीबीसी रेडिओने ब्रिटनमधलं सर्वांत महान चित्र कोणतं यावर मतं मागवली, तेव्हा पहिला नंबर टर्नरच्या 'द फायटिंग टेमरेअर'चा आला आणि दुसरा या गाडीचा. मला निकाल बरोबर वाटला. आगगाडीवाला कुठे आणि गवताच्या गाडीवाला कुठे!

मग मी एक उद्योग केला. 'हे वेन'चा फोटो काढून गावाला आजोबांना पाठवला. आजोबांना चित्रकार माहीत नाही, इंग्लंड माहीत नाही. त्यांचं रात्री उत्तर आलं, "चाकं भिजत घातलीत."

मला काही कळेना. फोन केला. तर म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात लाकूड सुकतं. मग चाकावरची लोखंडी धाव सैल होते आणि निसटते. म्हणून गाडी पाण्यात उभी करायची. लाकूड फुगलं की धाव घट्ट." नंतर वाचलं, तर तिकडचेही काही जाणकार त्या गाडीबद्दल हेच सांगतात. घोड्यांचे पाय गार व्हावेत आणि चाकाचं लाकूड फुगावं म्हणून गाडी पाण्यात घालत असत.

मी विचारात पडले. दोनशे वर्षांपूर्वी सफोकमध्ये काढलेली गाडी आमच्या आजोबांना एका सेकंदात वाचता येते, याचा अर्थ ती गाडी कॅलेंडरवाल्याने काढलेली नाही. ती बघितलेली आहे.

मग कॉन्स्टेबलबद्दल वाचायला लागले आणि माझं मत हळूहळू फिरलं. 'हे वेन' त्याने लंडनच्या स्टुडिओत बसून रंगवलं, गाव पन्नाससाठ मैल लांब. पण अंदाजपंचे नाही. त्या जागेची रेखाटनं त्याच्याकडे वर्षानुवर्षांची होती. गाडीची रचना नीट आठवेना, तर गावाकडे भावाला कळवून एका ओळखीच्या तरुणाकडून तशा गाडीचं रेखाटन करून मागवलं, तेही ऐन थंडीत. मोठं चित्र काढण्याआधी त्याच मापाचं एक आख्खं कच्चं चित्र रंगवलं. ते आजही लंडनमध्येच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आपण फेअर जर्नलच सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितो. रफची काय कथा!

पण मला खरा धक्का बसला तो त्याच्या ढगांनी. १८२१ आणि १८२२ मध्ये हा माणूस लंडनच्या उत्तरेला हॅम्पस्टेडच्या टेकडीवर जाऊन नुसते ढग रंगवत बसायचा. झाड नाही, घर नाही, फक्त आभाळ. आणि बऱ्याच चित्रांच्या मागे लिहून ठेवायचा: तारीख, वेळ, वारा कुठून आहे, आधी हवा कशी होती, नंतर पाऊस आला का. ल्यूक हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने ढगांना सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस ही नावं देऊन जेमतेम वीस वर्षं झाली होती. म्हणजे हवामानशास्त्र अजून रांगत होतं आणि एक चित्रकार टेकडीवर बसून रीडिंग घेत होता.

रीडिंग. हा शब्द मनात आला आणि मला घाम फुटला. कारण आता ती दुसरी कबुली.

फोर्थ सेमला आमचा सर्व्हे कॅम्प झाला. (ग्रुपमधल्या तिघींची परवानगी घेऊन लिहितेय.) एका गावाजवळच्या ओढ्यावर छोटा पूल करायचा आहे असं समजून लेव्हलिंग करायचं, ओढ्याचे क्रॉस-सेक्शन घ्यायचे, पुराची जास्तीत जास्त पातळी गावात विचारून लिहायची आणि पुलाची उंची ठरवायची. पाच दिवस. फील्ड बुकमध्ये रोजच्या पानावर वर तारीख आणि हवामान लिहायचा रकाना असतो. आम्ही पाचही दिवस 'स्वच्छ' लिहिलं. वास्तविक तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला होता आणि आम्ही दुपारभर शाळेच्या व्हरांड्यात बसून भजी खाल्ली होती. त्या दुपारची रीडिंग्ज आम्ही तिथेच 'कुक' केली. शेवटी क्लोजिंग एरर आठ सेंटीमीटर आला, तो शेवटची दोन रीडिंग्ज बदलून तीन मिलिमीटरवर आणला. सर खूश.

इथपर्यंत बहुतेक वाचक म्हणतील, यात काय नवीन? बरोबर आहे. पण पुढचं ऐका. ओढ्याच्या काठी एक म्हातारेबाबा गुरं घेऊन बसले होते. त्यांनी न विचारता सांगितलं, "पोरींनो, मोठा पाऊस झाला की पाणी त्या पिंपळाच्या पाराला लागतंय बघा." आम्ही माना डोलावल्या, थँक्यू म्हटलं आणि लिहिलं नाही. कारण पार धरला असता तर पुलाची उंची वाढली असती, आणि सगळं कॅल्क्युलेशन परत. मागच्या बॅचच्या रिपोर्टमध्ये पूरपातळीचा आकडा तयार होता. तोच उचलला. ड्रॉइंग शीटची जीटी मारतो ना आपण, काचेखाली दिवा लावून? तशी आम्ही नदीची जीटी मारली.

आता कुणी म्हणेल, मग टर्नर कुठे खरं बोलत होता? हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला, कारण मला सुटायला वाट हवी होती. आणि टर्नर खोटं बोलतो, यात शंकाच नाही! त्याचं पहिल्या नंबरचं 'टेमरेअर' घ्या. ट्रॅफल्गारच्या १८०५ च्या लढाईतलं हे जहाज १८३८ मध्ये मोडीत काढायला थेम्स नदीतून ओढत नेलं. प्रत्यक्षात तेव्हा त्याच्या डोलकाठ्या आधीच काढलेल्या होत्या आणि त्याला दोन बोटी ओढत होत्या. टर्नरने डोलकाठ्या परत लावल्या आणि धूर ओकणारी एकच काळी बोट ठेवली. जहाज साधारण पश्चिमेकडे चाललेलं, म्हणजे मावळता सूर्य त्याच्या पुढे पाहिजे. चित्रात तो मागे आहे. रेल्वेच्या चित्रातही तेच. इंजिनाच्या तोंडावर आगीची धग दिसते. भट्टी मागे असते, हे मेकॅनिकलची पहिल्या वर्षाची मुलंही सांगतील.

मग त्याने बदललेलं रीडिंग ही कला आणि आम्ही बदललेलं रीडिंग ही लबाडी, असं का?

याचं उत्तर मला मिळालं ते म्युझियममध्ये नाही, पुलाखाली. टर्नरच्या चित्रातला पूल मेडनहेडचा आहे आणि मेडनहेड मावशीच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर. गेले. इझम्बार्ड ब्रुनेलने बांधलेला विटांचा पूल, १८३९ मध्ये त्यावरून गाडी सुरू झाली आणि आजही लंडनच्या गाड्या त्याच्यावरूनच जातात. दोन मोठ्या कमानी, प्रत्येकीचा गाळा १२८ फूट आणि उंची फक्त २४ फूट. विटांच्या इतक्या चपट्या कमानी तेव्हा कुणी बांधल्या नव्हत्या. लोक म्हणाले, पडणार. असं सांगतात, की कंपनीच्या संचालकांनी घाबरून खालचं लाकडी सेंटरिंग काढू नका असं बजावलं. ब्रुनेलने ते ठेवलं, पण हळूच थोडं खाली उतरवून, म्हणजे कमानीला त्याचा आधारच नाही. पुढे वादळात सेंटरिंग वाहून गेलं आणि पूल तसाच उभा राहिला. नदीकाठची पायवाट एका कमानीखालून जाते. तिथे आवाज घुमतो म्हणून तिला 'साउंडिंग आर्च' म्हणतात. मी आजूबाजूला कुणी नाही बघून 'ओ' दिली. मस्त घुमली.

तिथे उभी असताना वाटलं, की ब्रुनेलला ती थट्टा शोभली, कारण त्याचा हिशोब झालेला होता. हिशोब न करता तेच केलं असतं तर तो गुन्हा ठरला असता. टर्नरचंही तसंच आहे. त्याच्या मागे राहिलेल्या स्केचबुकांची संख्या तीनशेच्या घरात आहे. आयुष्यभर तो वही घेऊन फिरला, डोंगर, समुद्र, बोटींचे दोर सगळं टिपत. रेल्वेच्या चित्राबद्दलही एक गोष्ट सांगितली जाते, की धो धो पावसात धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर डोकं काढून तो कितीतरी वेळ बघत राहिला होता. म्हणजे त्याला खरं काय ते माहीत होतं. मग त्याने ठरवून बदललं, आणि असं बदललं की कुणालाही दिसावं. सूर्य चुकीच्या बाजूला आहे हे लपवलेलं नाही, तो चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आमचा बदल मात्र दिसू नये म्हणून केलेला होता. आणि आम्ही मुळात बघितलंच नव्हतं.

म्हणून माझं मत असं. दोघांत मोठा कोण, हे ठरवण्याची माझी लायकी नाही. पण आपल्यासारख्यांनी कोणाकडे आधी जावं हे मी सांगू शकते. आधी कॉन्स्टेबल, मग टर्नर. आधी दहा वर्षं ढगांच्या मागे तारीख आणि वारा लिहा, मग वाटलं तर सूर्य हलवा. आपल्याकडे उलटं चालतं. टेकफेस्टच्या पोस्टरवर 'इनोव्हेशन' मोठ्या अक्षरात आणि जर्नल शेजारच्याचं!

कॉन्स्टेबलला मी देव करत नाहीये. त्यानेही काही गोष्टी बघून न बघितल्यासारख्या केल्या. १८१६ मध्ये आणि परत १८२२ मध्ये इंग्लंडच्या त्या भागात शेतमजुरांचे दंगे झाले, उपासमारीने लोक चिडलेले होते. 'हे वेन'मध्ये मजूर आहेत, पण लांब, ठिपक्यांएवढे, आणि सगळं कसं निवांत. शेवटी तो मालकाचा मुलगा. ढगांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूसही आपल्याला नको ते लांबवर ठेवतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. आम्ही म्हातारेबाबांचं वाक्य असंच लांब ठेवलं होतं.

आणि एक मजेची गोष्ट. १८३२ च्या प्रदर्शनात दोघांची चित्रं शेजारी लागली होती. कॉन्स्टेबलचं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं, दहाएक वर्षं घासलेलं, लाल-सोनेरी. टर्नरचं साधं करड्या समुद्राचं. टर्नर आला, बघितलं, आपल्या समुद्रात एक लाल ठिपका ठेवला आणि निघून गेला. सगळ्यांची नजर त्याच्या चित्राकडे! कॉन्स्टेबल म्हणाला म्हणे, की हा इथे येऊन बंदूक झाडून गेला. नंतर टर्नरने त्या ठिपक्याचा पाण्यातला बोया केला. वायवाला शेवटच्या मिनिटाला येऊन दहापैकी नऊ घेऊन जाणारे आपल्याकडेही आहेत. मला आता त्यांचा राग येत नाही. तो ठिपका कुठे ठेवायचा हे कळायला टर्नरला चाळीस वर्षं लागली होती.

असो. परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. सर जरा वेळ काही बोलले नाहीत. मग लॅब असिस्टंटना बोलावून ऑटो लेव्हल आणि स्टाफ काढून दिला. गणपतीच्या सुट्टीत आम्ही चौघी एसटीने त्या गावाला गेलो. पाऊस होता. फील्ड बुकमध्ये 'पाऊस' लिहिलं, वेळ लिहिली. पिंपळाच्या पाराची लेव्हल घेतली. आमच्या रिपोर्टमधल्या पूरपातळीपेक्षा पार एक मीटर पंधरा सेंटीमीटर वर निघाला. म्हणजे आम्ही डिझाइन केलेला पूल मोठ्या पावसात आख्खा पाण्याखाली गेला असता. कागदावरचा होता म्हणून बरं. बाबा भेटले नाहीत, कुठल्या तरी लग्नाला गेले होते.

सर म्हणाले, "मार्क आता बदलत नाहीत. पण दुरुस्त रिपोर्ट लायब्ररीत ठेवा. कारण पुढची बॅच तुमचीच कॉपी मारणार."

तेव्हा ज्युनियर्सना नम्र सूचना. लायब्ररीत आता आमच्या रिपोर्टच्या दोन प्रती आहेत. जुनी सुबक आहे, टाइप केलेली. नवी हाताने लिहिलेली आहे आणि तिच्या पानांवर पावसाचे डाग आहेत. कॉपी करायचीच असेल तर नवी घ्या. आणि त्या गावात कॅम्प लागला तर पारावरच्या बाबांना आमचा नमस्कार सांगून ते काय म्हणतात ते लिहून घ्या.